प्रवेश दिला, पण जागा दिली का?

कॉलेजच्या याद्या लागल्या की आपल्याकडं पेढे वाटतात. वाटायलाच पाहिजेत. घरातली पहिली मुलगी विद्यापीठाच्या विभागात शिकायला जाणं ही साधी गोष्ट नाही. पण प्रवेश मिळणं वेगळं आणि तिथं बरोबरीनं वावरता येणं वेगळं. या फरकावर आज एक जुनी गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, पण वाचा.

साल 1933. कमला भागवत मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या, तेही पहिल्या क्रमांकानं. या दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. वडील आणि काका दोघंही बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलाबाईंनी तिथंच अर्ज केला. नकार आला. कारण एकच, त्या बाई होत्या. आणि नकार देणारे होते संस्थेचे संचालक, नोबेल विजेते सी. व्ही. रामन.

कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. थेट बेंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, नुसतं बघण्यापुरतं. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा काम करायचं. आणि प्रयोगशाळेतलं ‘वातावरण बिघडवायचं’ नाही! पहिल्या आलेल्या मुलीला ही अट. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत.

त्यांना आधार मिळाला तो मार्गदर्शक श्रीनिवासय्या यांचा. शिस्तीला कडक माणूस, पण शिकवताना हात आखडता घेतला नाही. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. वर्षभरानं रामन यांचं समाधान झालं, त्या नियमित विद्यार्थिनी झाल्या आणि पुढं इतर मुलींनाही दार उघडलं. कमलाबाई केंब्रिजला गेल्या आणि 1939 मध्ये पीएचडी झाल्या. प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता.

आपण गोष्ट इथंच थांबवतो. जिद्दीचा विजय, टाळ्या, महिला दिनाचं भाषण संपलं. खरी गोष्ट मात्र पुढं आहे.

1940 मध्ये केरळच्या ॲना मणी त्याच संस्थेत, रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात आल्या. दार तर आता उघडं होतं. हिरे आणि माणकांवर प्रकाश टाकून त्यांनी वर्णपटांचा अभ्यास केला. एकेका छायाचित्राला 15-20 तास लागायचे, त्यामुळं रात्री प्रयोगशाळेतच जायच्या. पाच शोधनिबंध प्रसिद्ध झाले आणि 1945 मध्ये प्रबंध सादर झाला. पण पदवी देणारं होतं मद्रास विद्यापीठ. त्यांनी सांगितलं, तुमच्याकडं एम.एस्सी. नाही, पीएचडी देता येत नाही. कागदावर नियम बरोबर असेलही. पण पाच वर्षांचं काम समोर असताना त्यातून वाट काढावी, असं कुणाला वाटलं नाही. त्याच विभागातल्या सुनंदाबाईंच्या वाट्यालाही पदवी आली नाही.

पुढं ॲना मणी आपल्या पुण्यात, हवामान खात्याच्या उपकरण विभागात आल्या. परदेशातून आणावी लागणारी सुमारे 100 हवामान उपकरणं इथंच बनावीत म्हणून त्यांनी आराखडे प्रमाणित करून घेतले. उपमहासंचालक म्हणून 1976 मध्ये निवृत्त झाल्या. नावामागं ‘डॉक्टर’ लागलं नाही ते नाहीच.

आणि कमलाबाई? लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. नीरेच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांना घेऊन केलेलं त्यांचं काम गाजलं. तरी संचालकपदासाठी त्यांना ताटकळावं लागलं, असं त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे विद्यार्थिनी असताना दारात अडवलं आणि प्राध्यापक झाल्यावर खुर्चीपाशी.

रामन यांना खलनायक ठरवायला हे लिहीत नाही. ते मोठेच होते आणि मुलींना पुढं त्यांनी शिकवलंही. मुद्दा असा, की सगळं एका माणसाच्या मर्जीवर होतं. मर्जी झाली की प्रवेश आणि मार्गदर्शक चांगला भेटला की आधार. नाही भेटला तर? दाद मागायला जागाच नव्हती.

आज जागा आहे, निदान कागदावर. 2012 साली विद्यापीठ अनुदान आयोगानं नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी हवा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती तर 2013 च्या कायद्यानंच सक्तीची झाली. तरी 2019 च्या मे महिन्यात आपल्या जळगावची डॉ. पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेताना गेली. जातीवरून छळ झाल्याचा आरोप झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिच्या आई आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाच्या आई, दोघी मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मागणी काय, तर नियम आहेत ते पाळा! लेकरं गमावलेल्या दोन आयांना हे मागावं लागतं, यातच सगळं आलं.

म्हणून पेढे वाटून झाले की एक काम करा. मुलाला किंवा मुलीला सोडायला जाल तेव्हा फी आणि वसतिगृहासोबत आणखी तीन गोष्टी विचारा. तक्रार कुणाकडं करायची, त्यांचं नाव काय? समितीची शेवटची बैठक कधी झाली? तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं का? आणि तिथं शिकवणारी, ऑफिसात तासिका तत्त्वावर वा कंत्राटावर राबणारी माणसं कुठं दाद मागतात, तेही विचारा.

उत्तर नीट मिळालं तर निर्धास्त या. नाही मिळालं तर कमेंटमध्ये लिहा. आपण मिळून पुन्हा विचारू.