खोटं म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?

परवा नातवाने फोनवर विचारलं, "आजी, 'टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड' म्हणजे काय गं?" म्हटलं, सोप्या इंग्रजीत 'लाय'. फोन ठेवल्यावर वाटलं, उत्तर अर्धवटच दिलं की!

वर्गात मी सांगत असे, 'लाय' म्हणजे नुसती चूक नव्हे. खोटं आहे हे ठाऊक असून सांगितलेलं. हेतूचा आरोप आला म्हणूनच ब्रिटिश संसदेत एका सदस्याने दुसऱ्याला 'लायर' म्हटलेलं चालत नाही. जुलै २०२१ मध्ये डॉन बटलरबाईंनी पंतप्रधान जॉन्सन वारंवार खोटं बोलले असं सभागृहात म्हटलं, शब्द मागे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापुरतं बाहेर जावं लागलं ते बाईंनाच. (पुढे जून २०२३ मध्ये संसदेच्याच समितीने जॉन्सन यांनी सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली असा निष्कर्ष काढला, ते वेगळं.)

अशा ठिकाणी आडवळणाचे शब्द लागणारच. नातवाने विचारलेला त्यातला सर्वांत प्रसिद्ध. गंमत अशी, की तो खोट्यासाठी जन्मलाच नव्हता.

बोअर युद्ध १९०२ मध्ये संपलं. ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींना मजूर मिळेनात, म्हणून १९०४ पासून साठ हजारांहून अधिक चिनी मजूर तीन वर्षांच्या करारावर नेले. राहायचं कंपाउंडात, परवान्याशिवाय बाहेर पडायचं नाही. बेकायदा फटकेही मारले जात. १९०६ च्या निवडणुकीत लिबरल पक्षाने 'चिनी गुलामगिरी'चा गाजावाजा केला आणि प्रचंड बहुमताने जिंकला.

आता सत्ता आली. गुलामगिरी म्हणता, मग करार तात्काळ रद्द का करत नाही? उत्तर द्यायला उभा राहिला वसाहत खात्याचा ३१ वर्षांचा उपमंत्री विन्स्टन चर्चिल. तारीख २२ फेब्रुवारी १९०६. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: हा करार चांगला नसेलही, पण त्याला पूर्ण अर्थाने गुलामगिरी म्हटलं तर परिभाषेत थोडी अचूकता सुटण्याचा धोका आहे.

पाहा, इथे 'लाय' कुठेच नाही! माणूस चक्क शब्दाच्या काटेकोरपणाबद्दल बोलत होता. लोकांनी मात्र ते लांबलचक शब्द उचलले आणि 'खोटं' या अर्थी थट्टेने वापरायला सुरुवात केली. आज शब्दकोशही तोच अर्थ देतात.

मला वाटतं, लोकांचे कान तिखट होते. निवडणुकीआधी जी 'गुलामगिरी' होती ती सत्ता आल्यावर व्याख्येत बसेनाशी झाली, हे त्यांना बरोबर ऐकू आलं. चर्चिलचं वाक्य व्याकरणाने खरं, आणि कदाचित कायद्यानेही खरं. त्या कंपाउंडातल्या माणसाला मात्र त्या खरेपणाचा काय उपयोग?

शेवटचे चिनी मजूर १९१० मध्ये मायदेशी परतले. नातवाला पुन्हा फोन करून हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आजी, मला दोन मार्कांपुरतंच हवं होतं."