बंदुकीची माशी

बंदुकीच्या नळीच्या टोकावरच्या मण्याला माशी म्हणतात. छर्र्यांच्या बारा बोअरला बहुधा तेवढीच असते. नजर सावजावर, माशी नुसती कडेला जाणवते. अंधारात तीही हरवते. म्हणून जुन्या रायफलींवर रात्रीपुरता पांढरा मोठा मणी आला. आता प्रकाश गोळा करणारी लाल-हिरवी फायबर माशी मिळते. जुना मणी काढून त्याच्याच आट्यांत फिरवून बसवायची.

1972च्या कायद्याने वाघाला संरक्षण दिलं, पण माणसाच्या जिवावर उठलेला वाघ मारायची परवानगीही ठेवली. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात बोराटीजवळ अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. तिच्यावर 13 मृत्यूंचा ठपका होता; मागे दोन बछडे राहिले. वाद झाला तो नेमाचा नव्हे, निर्णयाचा. मला वाटतं, त्यासाठी कुठलीच माशी पुरत नाही.