'तत्क्षणी' म्हणजे किती?

मराठीच्या वर्गात आख्याने शिकवताना 'तत्क्षणी' हा शब्द पदोपदी भेटतो. राजाने आज्ञा केली आणि तत्क्षणी सेवक धावले. ऋषीने शाप उच्चारला आणि तत्क्षणी शिळा झाली. आज्ञा आणि धावणे यांच्यामध्ये नेमका किती वेळ गेला, असे आजवर माझ्या एकाही विद्यार्थ्याने विचारलेले नाही. वास्तविक छोट्या काळासाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. घटका चोवीस मिनिटांची. तिचा साठावा भाग पळ, आणि पळाचा साठावा भाग विपळ, म्हणजे सेकंदाचे चार दशांश. निमिष तर पापणीच्या उघडझापीवरूनच आलेले. परंतु याच्या खाली उतरले की व्यवहारातली भाषा मोजणे सोडून देते आणि 'डोळ्याचे पाते लवते न लवते तोच' अशा वाक्प्रचाराचा आश्रय घेते. दोन घटनांमध्ये काही काळ गेला असेलही, पण तो मोजण्याचे साधन आमच्यापाशी नाही, अशी एक कबुली 'तत्क्षणी' या शब्दात दडलेली आहे.

ही कबुली फक्त साहित्यातच दडलेली असते असे नाही. बारावीच्या पदार्थविज्ञानात ज्यांनी प्रकाशविद्युत परिणाम शिकला असेल, त्यांना आठवत असेल : धातूवर योग्य वारंवारतेचा प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात. १८८७ साली हाइनरिख हर्ट्‌झ यांच्या नजरेस पडलेल्या या परिणामाचा उलगडा आइनस्टाइन यांनी १९०५ साली केला. प्रकाशाची ऊर्जा पुंजांच्या स्वरूपात येते आणि एक पुंज एका इलेक्ट्रॉनला ती एकरकमी देऊन टाकतो, असे त्यांनी मांडले. ऊर्जा थेंबाथेंबाने साठत असती तर मंद प्रकाशात इलेक्ट्रॉनला वाट पाहावी लागली असती. ती पाहावी लागत नाही, हा पुंजकल्पनेच्या बाजूचा एक मोठा पुरावा ठरला. म्हणजे या 'तत्क्षणी'वर एका सिद्धान्ताचा भार होता. मग त्याचे माप काय? १९२८ साली अमेरिकेत अर्नेस्ट लॉरेन्स आणि जेसी बीम्स यांनी ते काढण्याचा प्रयत्न केला. त्यांच्या उत्तराचा आशय असा, की विलंब असलाच तर तो सुमारे ३ नॅनोसेकंदांहून, म्हणजे सेकंदाच्या तीन अब्जांश भागांहून कमी आहे. त्याखाली त्यांची साधने पोहोचत नव्हती. पाठ्यपुस्तकांत मात्र 'इतक्याहून कमी' याचे हळूहळू 'शून्य' झाले. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे या शून्याच्या आत काय आहे, हे शोधण्यात गेली. तो इतिहास थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिली अडचण घड्याळाची. कोणतेही यांत्रिक वा विद्युत घड्याळ एका मर्यादेपलीकडे जलद चालू शकत नाही. यातून सुटण्याची युक्ती १८९९ साली पॅरिसमध्ये आन्री अब्राहम आणि झ्यूल लेम्वान यांनी वापरली. विद्युतक्षेत्रात ठेवलेल्या काही द्रवांचे प्रकाशीय गुणधर्म बदलतात. क्षेत्र काढून घेतल्यावर हा परिणाम किती वेळ टिकतो, हे त्यांना पाहायचे होते. ज्या ठिणगीबरोबर क्षेत्र नाहीसे होई, तिचाच प्रकाश त्यांनी द्रव पाहण्यासाठी वापरला. फक्त तो आरशांवरून लांबच्या वाटेने आणला. वाट जितकी लांब, तितका प्रकाश उशिरा पोहोचणार. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जातो. म्हणजे मोजपट्टी हेच घड्याळ झाले. वेळेचा प्रश्न त्यांनी अंतराचा प्रश्न करून टाकला. द्रवांच्या याच जलद गुणधर्मावर पुढे प्रकाशाच्या झडपा तयार झाल्या आणि लॉरेन्स-बीम्स यांनी तशाच झडपा वापरल्या. एका पिढीने जे मोजले ते पुढच्या पिढीचे मोजण्याचे साधन झाले.

या युक्तीचा दुसरा अवतार १९४९ च्या सुमारास केंब्रिजमध्ये दिसतो. युद्धकाळात ब्रिटिश नौदलात रडारचे काम केलेले जॉर्ज पोर्टर आणि त्यांचे गुरू रोनाल्ड नॉरिश यांनी प्रकाशाचे दोन झोत योजले. पहिल्या झोताने रासायनिक अभिक्रिया सुरू करायची. ठराविक वेळाने सोडलेल्या दुसऱ्या झोताने त्या मिश्रणाचा वर्णपट घ्यायचा. प्रत्येक रेणू विशिष्ट रंगांचा प्रकाश शोषतो, त्यामुळे वर्णपटातल्या काळ्या रेघांवरून त्या घडीला तिथे कोण हजर होते, हे कळते. दोन झोतांतले अंतर बदलत गेले की अभिक्रियेची चित्रमालिकाच हाती येते. वर्णपटमिती 'कोण' सांगते, झोतांमधला काळ 'केव्हा' सांगतो. या पद्धतीसाठी दोघांना १९६७ चे नोबेल पारितोषिक (मानफ्रेड आयगेन यांच्यासह) मिळाले. परंतु त्यांचे झोत मिलिसेकंदांचे होते, आणि रेणूंचे बंध तुटतात ते त्याच्या अब्जांश काळाहूनही कमी वेळात.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातल्या मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश मिळवला आणि हे चित्र पालटले. लेसरच्या पोकळीत एकाच वेळी अनेक जवळजवळच्या वारंवारता नांदू शकतात. एरवी त्या आपापल्या तालात चालतात. दिंडीतले शेकडो टाळकरी वेगवेगळे वाजवू लागले तर नुसता कल्लोळ होतो. सर्वांचा ठेका एका मात्रेवर आला की तिथे एक लख्ख आघात उमटतो आणि मधली जागा मोकळी राहते. लेसरमधल्या वारंवारतांना असे एका समेवर आणण्याचे तंत्र १९६४ पासून विकसित झाले, आणि स्पंद आखूड होत होत १९८० च्या दशकात काही फेम्टोसेकंदांवर आला. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचा दशलक्षांश भाग. एवढ्यात प्रकाश जातो ते अंतर ०.३ मायक्रोमीटर. आता आरसा सरकवायचा तो केसाच्या जाडीच्याही अंशाने. १९८७ साली कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मूळचे इजिप्तचे अहमद झेवेल यांनी या साधनाने आयोडीन सायनाइडच्या रेणूतला बंध तुटताना पाहिला. त्याला सुमारे २०० फेम्टोसेकंद लागले. रसायनशास्त्र ज्या अवस्थेला केवळ कल्पनेत स्थान देत आले होते, ती दृष्टिपथात आली. १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल झेवेल यांना मिळाले.

परंतु या कसबाची एक किंमत आहे. तंबोऱ्याची तार काही काळ ऐकू आली तरच तिचा स्वर ओळखता येतो. टाळी नेमकी केव्हा वाजली ते सांगता येते, पण तिचा स्वर कोणता, हे सांगता येत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. स्पंद जितका आखूड, तितका त्यात वारंवारतांचा पसारा मोठा. 'केव्हा' नेमके होत जाते तसतसे 'कोण' पुसट होते. हा यंत्राचा दोष नाही. तरंगांच्या गणितातच ते आहे.

इलेक्ट्रॉनला पकडण्यासाठी फेम्टोसेकंदही पुरे पडत नव्हता. त्यासाठी हवे होते ॲटोसेकंद, म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग. विश्वाच्या आरंभापासून आजवर जितके सेकंद उलटले, त्याच्या दुपटीहून अधिक ॲटोसेकंद एका सेकंदात मावतात. अवरक्त लेसर प्रकाशाच्या एका तरंगालाच अडीच फेम्टोसेकंदांहून अधिक काळ लागतो, तेव्हा त्याच्यापासून थेट एवढा आखूड स्पंद निघणे शक्य नव्हते. वाट निघाली ती १९८७ साली फ्रान्समध्ये, ॲन ल'हुइलिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगातून. तीव्र अवरक्त लेसर आर्गॉन वायूतून गेला की मूळ वारंवारतेच्या कितीतरी पट वारंवारतांचा प्रकाश, जणू एका स्वराचे अनेक उपस्वर, बाहेर पडतो असे त्यांना दिसले. हे उपस्वर समेवर आणून २००१ साली पिएर अगोस्तिनी यांच्या गटाने २५० ॲटोसेकंदांच्या स्पंदांची माळ मिळवली, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात फेरेंत्स क्राउझ यांच्या गटाने ६५० ॲटोसेकंदांचा एक सुटा स्पंद वेगळा केला.

आता त्या जुन्या 'तत्क्षणी'ला हात घालणे शक्य झाले. २०१० साली क्राउझ यांच्या, आता जर्मनीतल्या गार्किंग येथे असलेल्या, गटाने निऑनच्या अणूवर प्रयोग केला. त्याच्या '२एस' आणि '२पी' या दोन ऑर्बिटलांतून एकाच स्पंदाने इलेक्ट्रॉन बाहेर काढले, आणि '२पी'मधला इलेक्ट्रॉन '२एस'मधल्यापेक्षा सुमारे २१ ॲटोसेकंद उशिरा बाहेर पडतो, असे जाहीर केले. शून्य मानलेल्या जागी आकडा आला. पण आनंदाला गालबोट लागले ते सिद्धान्ताकडून. जगभरच्या अभ्यासकांनी गणिते केली. उत्तर येई ते २१ च्या सुमारे निम्मे किंवा त्याहूनही कमी. उरलेले दहा-बारा ॲटोसेकंद कुठून आले? अणूविषयीचे आपले गणितच अपुरे आहे की काय, अशी शंका घेण्याइतका हा फरक मोठा होता. सात वर्षे तो तसाच राहिला.

२०१७ साली स्वीडनमधल्या लुंड येथून ल'हुइलिये यांच्या गटाने उत्तर दिले. त्यांनी सुट्या स्पंदाऐवजी स्पंदमाला वापरली. माळेच्या वर्णपटात सुट्या रेघा असतात, त्यामुळे 'केव्हा'बरोबर 'कोण' हेही नीट दिसते. त्यांना आढळले की निऑनमध्ये कधीकधी एक '२पी' इलेक्ट्रॉन बाहेर पडताना आपल्या सोबत्याला वरच्या पातळीवर ढकलून जातो. तेवढी ऊर्जा खर्च झाल्याने त्याची स्वतःची ऊर्जा '२एस'मधून आलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या जवळ येते. आखूड स्पंदाच्या रुंद वर्णपटात हे दोघे एकमेकांत मिसळून गेले असावेत. त्यांना वेगळे केल्यावर प्रयोग आणि सिद्धान्त जुळले. घड्याळ चुकले नव्हते; रांगेत दोघे उभे असताना एकच धरला गेला होता.

साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटावा. पोथीचा काळ ठरवताना मूळ हस्ताक्षर आणि मागाहून घुसलेले हस्ताक्षर वेगळे न करता आपण किती काटेकोरपणे वर्ष काढतो, आणि मग ते वर्ष इतर पुराव्याशी जुळेना म्हणून वाद घालत बसतो! नेमका आकडा आणि खरा आकडा यांत अंतर असते. ते कापायचे तर आधी कोण बोलते आहे, हे ऐकावे लागते.

२०२३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक अगोस्तिनी, क्राउझ आणि ल'हुइलिये या तिघांना विभागून मिळाले. ज्याचा आकडा दुरुस्त झाला तो आणि जिच्या गटाने तो दुरुस्त केला ती, दोघेही एकाच सन्मानाचे मानकरी झाले, हे मला विशेष वाटते. बातमी सांगणारा फोन आला तेव्हा ल'हुइलिये लुंडमध्ये वर्गावर होत्या. मधल्या सुट्टीत त्यांनी तो घेतला आणि परत जाऊन उरलेला तास पुरा केला. तो शेवटचा अर्धा तास शिकवणे अवघड गेले, असे त्यांनी नंतर सांगितले.

पुढच्या खेपेस आख्यानात 'तत्क्षणी' आला की मी वर्गाला विचारणार आहे : म्हणजे किती? उत्तर कुणाला यावे अशी अपेक्षा नाही. कथनात त्या शब्दाचे काम वेगळे आहे, आणि ते तो चोख बजावतो. पण काही मोजायचे राहून गेले आहे, ही त्यातली कबुली एकदा तरी विद्यार्थ्यांच्या कानांवर पडावी, इतकेच.