इशारा पोचला, पण उमगला का?

उत्पादन घडविणाऱ्याला जे सोपे वाटते ते वापरणाऱ्यालाही सोपे वाटेलच असे नाही. हे तपासण्याची पद्धत म्हणजे वापरसुलभता चाचणी. वापरणाऱ्याला नेमके काम द्यायचे, तो कोठे अडतो ते पाहायचे आणि रचना सुधारायची, एवढेच तिचे सूत्र. नियोजन चुकले तर मात्र चाचणी होते आणि हाती काही लागत नाही.

मोबाइलवर येणारा आपत्तीचा इशारा हेही असेच एक उत्पादन. सेल ब्रॉडकास्ट तंत्राने ठरावीक भागातील फोनवर एकाच वेळी मोठ्या आवाजासह संदेश झळकतो. दूरसंचार विभागाने २०२३ मध्ये त्याच्या चाचण्या घेतल्या. हा नमुना संदेश असून त्याकडे दुर्लक्ष करावे, असे त्यातच लिहिले होते. यंत्रणा चालते की नाही, हे त्यातून कळले. संदेश वाचून माणूस काय करील, हे कळणे शक्यच नव्हते. काही करू नका, असेच त्याला सांगितले होते.

त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. शोधकार्य थांबले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. गाडीरस्ता नसल्याने बचाव पथकांना डोंगर चढून जावे लागले. जेथे मदत पायी पोचते, तेथे इशारा मिळताच माणसे स्वतःहून निघणे महत्त्वाचे ठरते.

कर्जत-खालापुरात अशी चाचणी घ्यायची तर आधी प्रश्न ठरवावा लागेल. ‘संदेश आवडला का?’ हा प्रश्न निरुपयोगी. पाहुण्याला ‘बरा आहे’ म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. त्याऐवजी ‘रात्र आहे, पाऊस थांबत नाही, हा संदेश आला, आता काय कराल?’ असे विचारून गप्प बसावे. चाचणी माणसाची नसून संदेशाची आहे, हे सुरुवातीलाच सांगावे.

माणसे किती हवीत? जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ च्या गणितानुसार एक व्यक्ती सरासरी ३१ टक्के दोष उघड करते. पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. हे गणित एकसारख्या गटापुरतेच खरे. कर्जतहून लोकलने मुंबई गाठणारा नोकरदार, खोपोलीतील कारखान्याचा कामगार आणि ठाकूर किंवा कातकरी वाडीतील अक्षरओळख नसलेली आजी यांना एका गटात बसविता येणार नाही. आजीसाठी तर घरातील फोन मुळात कोणाच्या हाती असतो, येथूनच सुरुवात.

वेळही पाहावी लागेल. जुलैत माणसे भातलावणीत गुंतलेली असतात. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. लावणी उरकल्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ त्यामुळे सोयीचा. चाचणी सभागृहात नव्हे, घरात, त्यांच्याच फोनवर आणि शक्यतो अंधार पडल्यावर घ्यावी. फोनवर ‘चाचणी’ हा शब्द ठळक हवा. अफवा उठली तर खऱ्या इशाऱ्याचीही किंमत जाते.

नोंद करायची ती कृतीची. समजा, पाचपैकी तिघांनी कर्कश आवाज थांबवण्याच्या घाईत न वाचताच बटण दाबले, तर दोष त्यांचा नाही. बटण किंवा वाक्य बदलावे आणि पुढच्या पाच जणांकडे जावे.