लिंगपरिवर्तन, विनयपिटक आणि चरित्रलेखनाची भाषा

ठाण्यात जन्मलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनाने २०१२ साली प्रसिद्ध झाले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. या खटल्यात लक्ष्मी यांनीही आपली बाजू मांडली होती. त्यांच्याच शहरात, नौपाड्यात बसून हा लेख लिहीत असता एक प्रश्न समोर येतो: अशा व्यक्तीचे चरित्र मराठीत कोणत्या भाषेत लिहावे?

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नाही. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ असे म्हणताच लिंग प्रकट होते. चरित्रकाराला ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘त्या’ यांतून प्रत्येक वाक्यागणिक निवड करावी लागते. म्हणजे येथे व्याकरणच निवाडा देत असते. बालपण ‘तो’ने आणि उत्तरायुष्य ‘त्या’ने सांगितले, तर लिंगाबरोबर आदरही मध्येच बदलतो, आणि आधीचे ते खरे, नंतरचे ते सोंग, असा ग्रह वाचकाच्या मनात नकळत रुजतो.

यासंबंधी पालि वाङ्मयातील साक्ष विचारात घेण्यासारखी आहे. विनयपिटकातील पहिल्या पाराजिकाच्या विनीतवत्थूत एका भिक्खूच्या ठायी स्त्रीलिंग प्रकट झाल्याची नोंद आहे. ही गोष्ट भगवंतांना सांगण्यात आली. त्यांनी त्या व्यक्तीस संघाबाहेर काढले नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा आणि तीच वर्षे कायम ठेवून तिने भिक्खुनींमध्ये राहावे, अशी अनुज्ञा दिली. भिक्खुनीच्या ठायी पुरुषलिंग प्रकट झाले तेव्हाही हाच न्याय लावला गेला. संघात ज्येष्ठता वर्षावासांवर मोजली जाते. ती वर्षे अबाधित राहिली, याचा अर्थ व्यक्ती एक, तिचे आयुष्य अखंड आणि तिचा मानही अखंड.

धम्मपदाच्या अट्ठकथेतील सोरेय्य थेरांची कथा याच दिशेने जाते. सोरेय्य दोन मुलांचा पिता होता. पुढे स्त्रीरूपात तक्षशिलेस राहून तो दोन मुलांची माता झाला, आणि अखेर पुन्हा पुरुष होऊन अर्हत्पदास पोहोचला. परिवर्तनाचे कारण कथेने मनातील अकुशल विचारात शोधले आहे, हे खरे. तरीही तिने त्यांचे मातृत्व खोटे ठरविले नाही.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येत नाही. महावग्गात ‘पण्डक’ आणि ‘उभतोब्यंजनक’ यांना उपसंपदा नाकारली आहे. ग्रंथाचा गौरव करण्यासाठी ही नोंद वगळणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र त्या संज्ञा आजच्या व्यक्तींना सरसकट चिकटविणे हेही तितकेच अशास्त्रीय होय.

चरित्रलेखकास अधिक उपयुक्त नियम पाचित्तियातील ‘ओमसवाद’ हा होय. जाती, नाम, गोत्र, कर्म, शिल्प, आजार, लिंग अशा दहा बाबींवरून दुसऱ्यास हिणवणे तेथे दोष ठरविले आहे. तेथील ‘लिंग’ म्हणजे उंची, वर्ण यांसारखी शरीराची लक्षणे. देहावरून माणसाला कमी लेखू नये, हा त्या नियमाचा गाभा आहे, आणि म्हणून तो आपल्या विषयालाही लागू पडतो.

यावरून काही गोष्टी निश्चित करता येतात. व्यक्तीने स्वीकारलेले नाव व लिंग आरंभापासून अखेरपर्यंत वापरावे. पूर्वीचे नाव इतिहासासाठी अपरिहार्य असेल तरच द्यावे. ‘हिजडा’ हा शब्द लक्ष्मी यांनी स्वतःसाठी अभिमानाने उच्चारला, म्हणून तो इतरांनी कोणासाठीही वापरण्याचा परवाना होत नाही. ज्यांच्या आजोबांना गावगाड्यात पूर्ण नावाने कोणी हाक मारली नाही, त्या आपल्या समाजाला तरी हे निराळे समजावून सांगावे लागू नये.