राजीनामा: इंदूरचा आणि पेशवाईतला

इंदूरच्या कोर्टात ‘राजीनामा कर लो’ ऐकलं की मराठी माणूस दचकतो. नोकरी सोडायची की काय! तिथल्या हिंदीत त्याचा अर्थ तडजोड.

पेशवाईतल्या निवाडापत्रांत हा शब्द आणखी निराळा. अग्रवादी व पश्चिमवादी, म्हणजे आजचे वादी-प्रतिवादी, यांच्या तकरिरी लिहून घेत. होईल तो निवाडा मान्य, असं दोघेही आधीच लिहून देत, तो राजीनामा. शिवाय जामीन. हरलेला शेवटी येजितखत देई. मी इंजिनिअर, मला ही रचना पटते. पंचांचा निवाडा टिकायचा तो पक्षकारांच्या कबुलीवर.

त्या सहीचं वजन अजून उतरलेलं नाही. दिवाणी दाव्यात संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर १९०८ च्या संहितेच्या कलम ९६ नुसार अपील नाही. १९८७ च्या कायद्याखालच्या लोकअदालतीचा निवाडाही अंतिमच. कोर्ट फी मात्र परत मिळते. तडजोड कोणावर लादता येत नाही, तेव्हा हिंदी मसुदा वकिलाकडून ओळन् ओळ समजून घेतल्याशिवाय सही करू नये. दिवाणी कोर्टातल्या हुकूमनाम्यासाठी संमती फसवून घेतली असेल, तर नवा दावा चालत नाही. दाद त्याच कोर्टात मागायची.