मेंदूची आघातजन्य इजा

डोक्याला बाहेरून बसलेल्या आघातामुळे मेंदूच्या कार्यात येणारा बिघाड. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ग्लासगो कोमा मोजपट्टीने तिची तीव्रता ठरवतात. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात : १३ ते १५ सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा कमी तीव्र. परंतु ही मोजपट्टी त्या क्षणीची शुद्ध मोजते, पुढचे भवितव्य नव्हे. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागलेला माणूस काही काळ नीट बोलतो आणि मग झपाट्याने बेशुद्ध होऊ शकतो. ‘शुद्धीवर आहे, म्हणजे ठीक आहे’ हा अपघातस्थळी काढला जाणारा निष्कर्ष म्हणूनच घातक आहे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा गुंगी दिसताच रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेने साचलेले रक्त काढता येते, दाब उतरवता येतो. तुटलेले चेतातंतू मात्र जोडता येत नाहीत. त्यामुळे खरा भर प्रतिबंधावरच हवा. अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी, तर डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. शहरातल्या संथ वाहतुकीत त्याची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. पण दीड मीटर उंचीवरून नुसते खाली पडलेले डोकेही ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने रस्त्यावर आदळते. गाडीचा वेग त्यात धरलेलाच नाही. पट्टा न लावलेले हेल्मेट अशा वेळी आधीच निसटून जाते.